जोडलेली पट्टी पुन्हा तिथेच का तुटते? जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचं एक हमखास दुखणं

जुन्या ऑर्गनची एखादी पट्टी एके दिवशी शेजारणींपेक्षा दोन मिलिमीटर वर उचलून राहते. झाकण उघडलं की दिसतं, पट्टीच्या पोटाखालची प्लॅस्टिकची आकडी मोडली आहे. आपण सुपरग्लूचा थेंब लावतो, आकडी बसते, पट्टी चालू लागते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तोच सूर, तीच आकडी.

माझ्याकडच्या दोन मॅन्युअलच्या, म्हणजे हाताने वाजवायच्या पट्ट्यांच्या दोन रांगांच्या, ट्रान्झिस्टर ऑर्गनवर मधल्या सप्तकातला एफ, म्हणजे पांढरी चार, असा तीनदा तुटला. पहिल्यांदा सुपरग्लू लावला, तो पंधरा दिवस टिकला. दुसऱ्यांदा सावकाश सुकणारं इपॉक्सी लावलं. सांधा उत्तम झाला होता, आणि तो शेवटपर्यंत सुटलाच नाही. आकडी त्या सांध्याच्या शेजारी, धडधाकट प्लॅस्टिकमध्ये तुटली. तिसऱ्यांदा आत तार घालून जोडली, तेव्हा तारेच्या टोकापाशी चीर गेली. मग पट्टी हातात घेऊन बसलो असताना नजर पहिल्यांदा तिच्या खालच्या नमद्याकडे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या थराकडे (फेल्ट), गेली. दोन पट्ट्यांच्या मधल्या भागात तो तीन मिलिमीटर जाड आणि मऊ होता. पट्टी जिथे आदळते तिथे मात्र जेमतेम एक मिलिमीटर उरला होता, आणि नखाला पुठ्ठ्यासारखा टणक लागत होता.

या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: तुटलेला भाग हा बहुतेक वेळा परिणाम असतो. कारण असतं मेलेल्या नमद्यात, चिकट झालेल्या फोममध्ये, नाहीतर कुणीतरी बसवलेल्या जादा कडक स्प्रिंगमध्ये. ते तसंच ठेवून पट्टी कितीही चांगली जोडली तरी तुटणारच.

आत काय घडतं

पट्टी दाबली की ती खालच्या नमद्यावर टेकते. सोडली की स्प्रिंग तिला वर खेचते आणि आकडी वरच्या नमद्याला लागून थांबते. म्हणजे प्रत्येक सुराला दोन ठोके बसतात, एक जाताना आणि एक येताना. नमदा जिवंत असेल तर पट्टीचा वेग एक-दोन मिलिमीटरच्या अंतरात हळूहळू कमी होतो. तो दबून कडक झाला की तोच वेग क्षणात थांबतो आणि सगळा मार प्लॅस्टिकवर येतो. त्यातही आकडी जिथे पट्टीच्या अंगातून निघते तिथे साच्यामुळे आतला कोपरा बहुधा काटकोनी असतो, आणि चीर नेहमी अशा कोपऱ्यातूनच सुरू होते.

येतानाचा ठोका लोक विसरतात. जोरात वाजवणाऱ्याच्या बोटांनी पट्ट्या तुटतात असा समज आहे. पण आकडीवर येणारा मार स्प्रिंगचा असतो, बोटांचा नसतो. म्हणून पट्टी सोडल्यावर हळू वर येते या तक्रारीवर जादा ताणाची स्प्रिंग बसवणं किंवा जुनी स्प्रिंग ओढून आखूड कडीत अडकवणं हा आकडी मोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. हळू वर येण्याचं मूळ बहुधा मार्गदर्शक पिनेवरच्या कडक झालेल्या रबरात किंवा चिकट जुन्या वंगणात असतं.

जोडलेली आकडी सांध्याशेजारी का तुटते, त्याचंही उत्तर यातच आहे. इपॉक्सीचा जाड गोळा त्या जागेला ताठ करतो, ताठ भाग वाकत नाही, आणि सगळा वाक गोळ्याच्या कडेपाशी जमा होतो. डागडुजी जितकी दांडगी, तितका पुढचा तुकडा लवकर पडतो.

आधी खात्री करा, दोष पट्टीचाच आहे का

पेचकस हातात घेण्यापूर्वी पाच मिनिटं नुसतं वाजवून पाहा. एकच सूर सगळ्या सप्तकांत गेला असेल, म्हणजे सगळेच एफ मुके असतील, तर तो मूळ ऑसिलेटरचा, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या सर्किटचा, दोष आहे. वरच्या सप्तकात वाजतो आणि एका ठिकाणापासून खाली सगळीकडे जातो, तर डिव्हायडरचा, म्हणजे वरच्या सुरापासून खालच्या सप्तकाचा सूर बनवणाऱ्या सर्किटचा. दोन्ही ठिकाणी पट्टी खोलून काही उपयोग नाही. हॅमंड कंपनीच्या टोनव्हील ऑर्गनमध्ये सूर फिरत्या दातेरी चकत्यांतून (टोनव्हील) येतो, आणि एकच टोनव्हील वेगवेगळ्या ड्रॉबारमधून, म्हणजे ध्वनीचा एकेक घटक कमी-जास्त करणाऱ्या ओढदांड्यांमधून, अनेक पट्ट्यांना पुरवलं जातं, त्यामुळे तिथे एक ध्वनी गेला की तो बऱ्याच पट्ट्यांवर, पण निरनिराळ्या ड्रॉबारना, गायब झालेला आढळतो. एकच पट्टी गप्प असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तरच दोष पट्टीत किंवा तिच्या संपर्कांत, म्हणजे पट्टी दाबल्यावर जुळून सूर चालू करणाऱ्या तारांत.

पुढची विभागणी झाकण उघडून करायची. व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) ऑर्गनमध्ये आत काहीशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ज्याला तो सुरक्षितपणे उतरवता येत नाही त्याने प्लग काढूनही पॉवर सप्लायच्या बाजूला हात घालू नये. ट्रान्झिस्टर ऑर्गनमध्येही मेन्सची बाजू उघडी नाही ना, हे आधी पाहा. पट्ट्यांचा भाग सुरक्षितपणे उघडा करता येत असेल तर ऑर्गन चालू ठेवून लाकडी काडीने पट्टीखालचा पुशर, म्हणजे संपर्काच्या तारा ढकलणारा प्लॅस्टिकचा बारीक दांडा, हळूच दाबा. सूर आला तर तारा शाबूत आहेत आणि मोडतोड पट्टीची आहे.

लक्षणांवरूनही बरंच कळतं. पट्टी खाली पडून राहिली तर स्प्रिंग निसटली आहे किंवा तिचा कान तुटला आहे. शेजारणींपेक्षा वर राहिली तर आकडी मोडली आहे किंवा वरचा नमदा गळून पडला आहे. आडवी हलून शेजारच्या पट्टीला घासते, म्हणजे मार्गदर्शक पिनेवरचं रबर किंवा कापड गेलं. पूर्ण दाबली जाते पण वाजत नाही, किंवा सोडल्यावरही वाजत राहते, तर पुशर तुटून तिरका झाला असण्याची शक्यता जास्त. आणि सगळ्याच पट्ट्या खडखड वाजू लागल्या असतील तर अजून काही तुटलं नसलं तरी नमदा बदलायची वेळ झाली आहे. ही खडखड म्हणजे आगाऊ मिळालेली सूचना आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

खोलताना

प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. काढलेल्या पट्टीला आणि तिच्या स्प्रिंगला एकच क्रमांक द्या. स्प्रिंगा दिसायला सारख्या असल्या तरी पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांच्या बऱ्याचदा वेगळ्या असतात. तुटलेला तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो संपर्कांच्या तारांमध्ये पडून राहिला तर महिन्याभराने दुसरीच पट्टी अडकवतो, शिवाय नवा भाग बनवायला तोच तुकडा सर्वांत मोलाचा नमुना असतो. धूळ काढताना ब्रश तारांच्या लांबीच्या दिशेने फिरवा, आडवा कधीच नाही. हॅमंडच्या मोठ्या ऑर्गनमध्ये एका पट्टीला नऊ संपर्क असतात, ६१ पट्ट्यांच्या एका मॅन्युअलमध्ये ५४९. त्यातली एक तार वाकली तरी ती शोधण्यात संध्याकाळ जाते.

तेलाचा सर्वसाधारण फवारा आत मारू नका. त्यातले द्रावक आणि तेल ताणाखाली असलेल्या एबीएस आणि पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकांमध्ये बारीक चिरा पाडतात. आकडी तर सतत स्प्रिंगच्या ताणाखालीच असते. आदल्या दिवशी फवारा मारला आणि आठवड्यात चार पट्ट्या गेल्या, असं ऐकलं की मला नवल वाटत नाही.

नमदा आणि फोम: इथे घाई करू नका

खरं काम इथे आहे. मूळ नमद्याची जाडी दबलेल्या जागेवर मोजू नका. पट्ट्यांच्या रांगेच्या बाहेर, पहिल्या पट्टीच्या डावीकडे किंवा शेवटच्या पट्टीच्या उजवीकडे, नमद्याचा थोडा भाग उरलेला असतो. त्यावर कधीच काही आदळलेलं नसतं. ती खरी जाडी. तिथेही कसर लागली असेल तर दोन पट्ट्यांच्या मधली उंच उरलेली धार मोजा.

नवा नमदा लोकरीचा आणि घट्ट दाबलेला घ्या. शिवणकामाचा पातळ कृत्रिम नमदा दोन-तीन महिन्यांत बसतो. जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकही जाणवतो. खालचा नमदा जास्त जाड झाला तर पट्टी पुरेशी खाली जात नाही आणि शेवटचे संपर्क जुळत नाहीत. वरचा जास्त जाड झाला तर पट्टी आधीच खाली बसते आणि काही संपर्क न दाबताच लागतात. म्हणून अख्खा नमदा चिकटवण्यापूर्वी खालच्या, मधल्या आणि वरच्या सप्तकातल्या एकेका पट्टीखाली छोटा तुकडा ठेवून वाजवून पाहा.

चिकटवायला पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद घ्या, तोही पातळ, आणि फक्त दोन्ही कडांना. पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावला तर तो नमद्यात झिरपतो आणि सुकल्यावर नवा नमदाच पुठ्ठा होतो. चपला-बुटांचा रबरी गोंद टाळा. त्याच्या द्रावकाची वाफ बंद जागेत पट्ट्यांच्या प्लॅस्टिकला लागते.

फोमची गोष्ट वेगळी. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर बऱ्याच ऑर्गनांमध्ये, हॅमंडच्या काही मॅन्युअलमध्येसुद्धा, नमद्याऐवजी पॉलियुरेथेनचा फोम आला. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंची साखळी तुटत जाते आणि तो काळपट चिकट लगदा होतो. पट्ट्या हळू वर येऊ लागल्या आणि आतून काळा चिकट थर बोटाला लागला, तर फोमच गेला आहे. हॅमंडच्या बाबतीत हा लगदा संपर्कांकडे जाणाऱ्या बारीक तारांनाही खातो, त्यामुळे तिथे पट्टी तुटली नसली तरी सफाई लांबवू नये. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पातीने आधी कोरडा खरवडा, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर कापडाने पुसा. ओलसर म्हणजे ओलसरच, ओघळता कामा नये. पट्टीचा माथा अ‍ॅक्रिलिकचा असेल तर त्याला अल्कोहोल लावू नका, बारीक जाळी पडते. रिकाम्या झालेल्या जागी पुन्हा फोम न भरता लोकरीचा नमदा बसवा.

प्लॅस्टिक कोणतं ते ओळखा

गोंद निवडण्याआधी हे हवंच. तुटलेल्या भागाचा मुगाएवढा कपचा घ्या आणि मिठाच्या संतृप्त पाण्यात टाका, म्हणजे मीठ आणखी विरघळेनासं होईल इतकं घट्ट. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर कपच्याला चिकटलेला बुडबुडाच त्याला तरंगवतो. कपचा तळाशी गेला तर तो अ‍ॅसिटल किंवा बेकेलाइट असण्याचा संभव मोठा. तरंगला तर पॉलिस्टायरीन, एबीएस किंवा नायलॉन. मग पट्टीच्या न दिसणाऱ्या भागावर कापसाच्या काडीने अ‍ॅसिटोनचा ठिपका लावा. पृष्ठभाग मऊ चिकट झाला तर पॉलिस्टायरीन किंवा एबीएस, काहीच झालं नाही तर नायलॉन. जाळून वास घेण्याची जुनी पद्धत वापरू नका. अ‍ॅसिटल जळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं.

पट्ट्या स्वतः बहुतेकदा एबीएस किंवा पॉलिस्टायरीनच्या निघतात. पुशर आणि बिजागरीचे छोटे भाग मात्र बऱ्याचदा अ‍ॅसिटल किंवा नायलॉनचे असतात, आणि तिथेच लोक गोंद बदलून बदलून थकतात. अ‍ॅसिटलला घरगुती कोणताही गोंद धरत नाही. तो भाग नवा बनवणं हाच मार्ग.

जोडणी

एबीएस असेल तर त्याच प्लॅस्टिकचे कपचे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून मधासारखी लापशी करा. स्प्रिंग आधी काढा, कारण ताणाखालच्या प्लॅस्टिकला अ‍ॅसिटोन लागलं की चीर पुढे धावते. चिरेचं टोक भिंगाने शोधा आणि तिथे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने एक मिलिमीटरचं भोक पाडा. चीर तिथे थांबते. मग दोन्ही तोंडांना लापशी लावून तुकडा बसवा, आणि महत्त्वाचं म्हणजे आतल्या काटकोनी कोपऱ्यात लापशीचा छोटा गोलावा भरा. एक-दीड मिलिमीटर त्रिज्येचा हा गोलावा मूळ आकडीपेक्षा जास्त टिकाऊ ठरतो, कारण कारखान्यातून येतानाच जो दोष होता तो यात भरून निघतो. किमान ४८ तास हात लावू नका. वरून कोरडी वाटली तरी आतलं अ‍ॅसिटोन निघालेलं नसतं. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

बेकेलाइटला अ‍ॅसिटोन काही करत नाही. त्याची तोंडं पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि सावकाश सुकणारं इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी ठोके सोसत नाही. काचेच्या कापडाची पातळ पट्टी इपॉक्सीत भिजवून आकडीच्या पाठीवर लावली तर ताकद येते. मात्र ती कडेकडे पातळ होत गेली पाहिजे, एकदम संपता कामा नये. माझा दुसरा प्रयत्न नेमका या चुकीने फसला होता.

सुपरग्लूबद्दल माझं मत पक्कं आहे: पट्टी जागेवर असताना तो वापरू नये. तो कडक आणि ठिसूळ सुकतो, ठोक्याला टिकत नाही. शिवाय सुकताना त्याची वाफ आसपासच्या धातूवर पांढरा थर म्हणून बसते, आणि संपर्कांवर असा थर बसला की शेजारचे चार सूरही खरखरू लागतात. बाहेर काढलेल्या तुकड्याला काही काळ जागेवर धरून ठेवण्यापुरता तो ठीक.

नवा भाग बनवताना

तीच आकडी आधी दोनदा जोडली गेली असेल, तर तिसरी जोडणी करू नका. सर्वांत सोपा उपाय म्हणजे अदलाबदल. मॅन्युअलच्या अगदी टोकाच्या सप्तकातली त्याच सुराची पट्टी क्वचितच वाजते. ती मधे आणा, आणि दुरुस्त केलेली टोकाला पाठवा. एफच्या जागी एफच लागतो, कारण प्रत्येक पांढऱ्या पट्टीची खाच वेगळी असते. सर्वांत वरचा सी तर खाच नसलेला, पूर्ण रुंदीचा असतो, तो दुसरीकडे चालत नाही. पट्टीच्या पोटाखाली बहुधा सुराचं अक्षर कोरलेलं सापडतं. दुसऱ्या निकामी ऑर्गनच्या पट्ट्या मिळाल्या तरी त्यांचं वय आणि थकवा तेवढाच आहे, हे लक्षात ठेवून आकडीचं मूळ भिंगाने तपासूनच बसवा.

थ्रीडी प्रिंटिंगने आकड्या आणि पुशर आता चांगले बनतात, पण दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. पीएलए हे प्रिंटरचं प्लॅस्टिक नको. सततच्या स्प्रिंगच्या ताणाखाली ते हळूहळू वाकत जातं, आणि पट्टी महिन्याभरात वर उचलते. पीईटीजी हे दुसरं प्लॅस्टिक चालेल. लेझरने पावडर वितळवून केलेलं नायलॉन सर्वांत उत्तम. दुसरं म्हणजे भाग आडवा झोपवून छापायचा, म्हणजे थर आकडीच्या लांबीने जातील. उभा छापला तर प्रत्येक थर ही तयार चीरच आहे. मापं तुटलेल्या तुकड्यावरून घेऊ नका, शेजारच्या शाबूत पट्टीवरून कॅलिपरने घ्या. आतल्या कोपऱ्याचा गोलावा चित्रातच घाला.

पुशरच्या बाबतीत एक इशारा. तो संपर्काच्या तारांना स्पर्श करतो, म्हणून त्यात धातूची पिन घालून मजबुती आणू नका. पिनेचं टोक बाहेर आलं तर दोन तारा जुळतात आणि एका पट्टीत दोन सूर वाजतात. ग्रॅफाइटची पूडही तिथे नको, ती वीज वाहते. आधार हवाच असेल तर काचतंतूची बारीक काडी वापरा. नवा पुशर दोन दशांश मिलिमीटर लांब ठेवा आणि बसवून, वाजवून, थोडा थोडा कानसीने उतरवा. लांबी बरोबर झाली की शेजारच्या पट्टीइतक्याच खोलीवर सूर लागतो. हॅमंडमध्ये नऊ संपर्क एकाच क्षणी लागत नाहीत, पाठोपाठ लागतात. पुशरची उंची चुकली तर सुराच्या सुरुवातीची ओळखीची टक् बदलते, आणि नेहमी वाजवणाऱ्याच्या कानाला ते लगेच खुपतं.

मार्गदर्शक पिनेवरचं रबर कडक झालं असेल तर योग्य आतल्या व्यासाच्या सिलिकॉन नळीचे काप बसवता येतात. वंगण लावायची गरज भासलीच तर प्लॅस्टिक आणि धातू घासतात तिथेच, टाचणीच्या टोकाएवढं. संपर्कांच्या जवळ सिलिकॉन ग्रीस येऊ देऊ नका. ते पसरत जातं आणि संपर्कांवर न दिसणारा पडदा धरतं.

बसवल्यानंतर

पट्ट्यांच्या माथ्यावर सरळ मोजपट्टी आडवी ठेवून उंची पाहा. मग एकेक पट्टी हळू, नंतर झटक्याने सोडून ऐका. येतानाचा आवाज मऊ ढब् असा यायला हवा. कडक टक् आला तर वरचा नमदा तिथे बसलेला नाही. शेवटी तळहाताने दोन्ही दिशांना घसरत घसरत सगळं मॅन्युअल वाजवा. घसरताना पट्टीवर आडवा जोर येतो, आणि सैल मार्गदर्शक किंवा कच्चा सांधा तेव्हाच उघडा पडतो.

झाकण लावण्यापूर्वी बाकीच्या पट्ट्यांच्या आकड्यांची मुळं टॉर्चचा उजेड तिरका पाडून बघून घ्या. केसासारखी पांढरी रेघ दिसली तर ती आकडी अजून तुटलेली नाही, पण नमदा मेलेला होता तेव्हा बसलेला मार तिथे लिहिलेला आहे. तिथे आत्ताच गोलावा भरून घ्या. त्या ऑर्गनवर एफच्या दोन्ही बाजूंना मला अशा सात रेघा सापडल्या, सगळ्या त्याच दबलेल्या नमद्याच्या वर.